आठ हिरवे ठिपके आणि एक बंद दिवा

"मॅडम, फोटो सुंदर आलाय. पण पुलाच्या वर, आकाशात, हे हिरवे ठिपके कसले?"

फोटो पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशी माझे ग्राहक असलेल्या वास्तुविशारदांचा फोन आला, तेव्हा मला कुठलेच ठिपके आठवेनात. फाइल उघडली, आकाशाचा भाग मोठा केला, आणि दिसले. आठ होते. फिकट हिरवे, बारीक, पण काठ अगदी स्वच्छ. काळ्या आकाशात कुणी सैल माळ टांगावी तसे मध्ये झोल खाल्लेले. एकदा दिसल्यावर नजर दुसरीकडे जाईना. पूल बाजूला राहिला आणि ती माळच फोटोचा विषय होऊन बसली.

रात्रीच्या फोटोत असं काही आलं की आपण 'फ्लेअर आलाय', म्हणजे लेन्समध्ये प्रकाश भटकलाय, असं म्हणतो आणि सॉफ्टवेअरमध्ये ब्रश फिरवून मोकळे होतो. मीही अनेक वर्षं तेच केलं. या वेळी मात्र ठिपके पुसण्याआधी ते आले कुठून हे शोधायला बसले, आणि त्या एका फ्रेममध्ये पाच वेगवेगळ्या गोष्टी निघाल्या. त्यातली एक तर फ्लेअर नव्हतीच. प्रत्येकीचं कारण वेगळं, आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नव्हता. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

फ्रेम

नदीवरचा पादचारी पूल. मधोमध किंचित उंचावलेला, कठड्यालगत एलईडीचे नऊ दिवे. डावीकडून तिसरा दिवा त्या रात्री बंद होता. मी डाव्या काठावर, पुलाला तिरकी उभी होते, त्यामुळे डावीकडचा पहिला दिवा सगळ्यांत जवळ आणि त्याचं तोंड जवळजवळ लेन्सकडेच. फुल-फ्रेम कॅमेरा, २४-७० झूम ३५ मिलिमीटरवर, एफ/११, आयएसओ १००, २० सेकंद, ट्रायपॉड. लेन्सवर यूव्ही फिल्टर, म्हणजे अतिनील किरण अडवणारी सपाट काच, कायमचा बसवलेला. हुड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसवायचं छत्र, बॅगेत, कारण हुड उन्हासाठी असतो असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. दिव्यांची रांग फ्रेमच्या खालच्या भागात आणि वर भरपूर काळं आकाश.

घरी आल्यावर रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने नोंदवलेल्या कच्च्या फाइलमध्ये) सावल्या दोन स्टॉप उचलल्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), खालची काळ्या पाण्याची पट्टी कापली आणि फोटो पाठवून दिला. हे दोन्ही तपशील पुढे महत्त्वाचे ठरले.

आधी चुकीचे अंदाज

पहिला संशय हॉट पिक्सेलवर गेला. लांब एक्स्पोजरमध्ये सेन्सरचे काही पिक्सेल आपोआप उजळतात. पण ते एकेका पिक्सेलएवढे असतात, आणि ते अशी सुबक कमान कशाला धरतील? माझ्याबरोबर काम शिकणारा मुलगा म्हणाला, "ताई, ड्रोन असतील." २० सेकंदांत उडणाऱ्या ड्रोनच्या रेघा उमटल्या असत्या, ठिपके नाही. धुक्यावर पडलेला उजेड? त्याला काठ नसतात.

मग त्यानेच ठिपके मोजले आणि एक गोष्ट सांगितली. ठिपक्यांमधलं अंतर सगळीकडे एका लयीत होतं, फक्त उजवीकडून दुसऱ्या ठिपक्यानंतर एका ठिपक्याची जागा रिकामी होती. म्हणजे उजवीकडून तिसरा ठिपका गायब. आणि पुलावर डावीकडून तिसरा दिवा बंद.

तिथून पुढे सगळं उलगडत गेलं. पूल मध्ये उंचावलेला, ठिपक्यांची माळ मध्ये खाली झुकलेली. सगळ्यांत प्रखर दिवा डाव्या टोकाला, सगळ्यांत ठळक ठिपका उजव्या टोकाला. आकाशात दिसत होता तो पूलच होता, डावं-उजवं आणि वर-खाली दोन्ही उलटलेला.

खात्री करायला फोटोची एक प्रत १८० अंशांत फिरवून मूळ फोटोवर अर्धपारदर्शक ठेवली. ठिपके दिव्यांवर बसायला हवे होते. बसले नाहीत. पण आठही ठिपके सारख्याच अंतराने, एकाच दिशेला हुकले होते. चुकीच्या तर्कातून इतकी शिस्तबद्ध चूक निघत नाही. तेव्हा कापलेली पट्टी आठवली. उलटापालट होते ती लेन्सच्या अक्षाभोवती, आणि तो अक्ष मूळ फ्रेमच्या मध्यावर असतो, कापलेल्या फोटोच्या मध्यावर नाही. न कापलेली रॉ फाइल घेऊन तेच केलं आणि प्रत्येक ठिपका आपापल्या दिव्यावर जाऊन बसला. आधी हुकलेलं अंतर मोजलं तर ते कापलेल्या पट्टीच्या उंचीएवढंच भरलं.

उलटा पूल तयार कसा झाला

दिव्याचा प्रकाश लेन्समधून येऊन सेन्सरवर एका बिंदूत जमतो. सेन्सर आणि त्यावरची काच सगळा प्रकाश पिऊन टाकत नाहीत, थोडा परत फेकतात. तो आल्या वाटेने लेन्समधून उलटा निघतो आणि पुढून समांतर किरण होऊन बाहेर पडायला जातो. तिथे माझा यूव्ही फिल्टर सपाट आरशासारखा उभा. त्यावरून थोडा प्रकाश पुन्हा आत वळतो, आणि आता त्याची दिशा अशी असते की जणू तो अक्षाच्या बरोबर विरुद्ध बाजूच्या एखाद्या दिव्याकडून आलाय. लेन्सला दोन्ही सारखेच. ती त्या प्रकाशालाही इमानाने फोकस करते, फ्रेमच्या समोरासमोरच्या बिंदूवर. ठिपक्यांचे काठ इतके स्वच्छ का होते, त्याचं उत्तर हे. हिरवट रंग दिला तो कोटिंगनी, म्हणजे काचेवरच्या परावर्तन कमी करणाऱ्या पातळ थरांनी. ज्या रंगाचं परावर्तन त्यांना नीट अडवता येत नाही तोच मागे उरतो.

उजव्या टोकाचा ठळक ठिपका पूर्ण मोठा करून पाहिला तर त्यात एलईडीच्या चिप्सच्या ओळी मोजता येत होत्या. मूळ दिवा मात्र फोटोत पांढराफटक जळालेला, त्यात काहीच नाही. अशा परावर्तनातून उमटलेल्या प्रतिमेला घोस्ट म्हणतात. घोस्ट मूळ प्रकाशापेक्षा कितीतरी मंद असतो, म्हणून तो सेन्सरच्या मर्यादेत राहतो आणि तपशील जपतो. खंडग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी फोनने सूर्याकडे फोटो काढला की सूर्य नुसता पांढरा गोळा दिसतो आणि बाजूच्या लहानशा घोस्टमध्ये स्वच्छ चंद्रकोर येते. तेही याच कारणाने. मला हे फार आवडतं. ज्याला आपण दोष म्हणतो, त्यात कधीकधी मूळ चित्रापेक्षा जास्त माहिती असते.

रात्रीच का?

दिवसाही हे सगळं घडतच असतं, फक्त उजळ आकाशात बुडून जातं. यासाठी थोडे आकडे हवेत.

कोटिंग नसलेल्या साध्या काचेच्या एका पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. घोस्ट व्हायला दोन परावर्तनं लागतात, म्हणजे ४ टक्क्यांचे ४ टक्के, मूळ प्रकाशाचा ६२५ वा भाग. फोटोग्राफीच्या भाषेत नऊ स्टॉपपेक्षा थोडं जास्त. चांगल्या मल्टिकोटिंगने प्रत्येक परावर्तन अर्ध्या टक्क्यावर आणलं तर घोस्ट ४०,००० व्या भागावर येतो, म्हणजे पंधरा स्टॉपच्या पुढे. ऐकायला हे अगदी नगण्य वाटतं. पण उघडी एलईडी चिप आणि रात्रीचं आकाश यांच्या तेजस्वितेत लाखो पटींचा फरक सहज असतो. त्यामुळे दिव्याचा ४०,००० वा भागही काळ्या आकाशाच्या तुलनेत ठळक दिसतो. जुन्या, दुधी झाकणाच्या दिव्यांचा उजेड मोठ्या पृष्ठभागावर पसरायचा. आजचे एलईडी तेवढाच उजेड टाचणीएवढ्या जागेतून फेकतात, म्हणून घोस्टही टोकदार.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो माझाही होता. लांब एक्स्पोजर घोस्ट 'तयार' करत नाही. दिवा आणि घोस्ट यांचं प्रमाण एक सेकंदाला जे असतं तेच २० सेकंदांनाही. फरक एवढाच की दिवा आधीच कमाल मर्यादेला टेकलेला असतो, तो आणखी उजळू शकत नाही, आणि घोस्ट मात्र अंधारातून वर चढत राहतो. त्यावर मी सावल्या दोन स्टॉप उचलल्या, म्हणजे घोस्टही चौपट उजळला. कॅमेऱ्याच्या लहान पडद्यावर तो मला दिसला नव्हता आणि ग्राहकाला दिसला, त्याचं कारण हे.

दुसऱ्या रात्री

वास्तुविशारदांना सगळं समजावून सांगितलं आणि पुन्हा शूट करायची परवानगी मागितली. ते म्हणाले, "या की, दिवे रोजच लागतात." तिसरा दिवाही तोवर दुरुस्त झाला होता.

त्याच जागी ट्रायपॉड लावला आणि फिल्टर न काढता लाइव्ह व्ह्यूमध्ये आकाश मोठं करून कॅमेरा हळूहळू फिरवला. दिवे पडद्यावर उजवीकडे सरकले की ठिपके डावीकडे सरकत. आकाशात खरोखर काही असतं तर ते पुलाबरोबरच सरकलं असतं. शंका आली तर हीच परीक्षा सगळ्यांत जलद होते, पाच सेकंद लागतात आणि संगणक लागत नाही.

मग फिल्टर काढला. नऊच्या नऊ ठिपके गेले.

काढलेला फिल्टर टॉर्चच्या उजेडात तिरका धरला तर त्यावर एका दिशेने पुसल्याचे तेलकट ओरखडे दिसले. पहिल्या फोटोत प्रत्येक दिव्यातून एकाच दिशेला जाणारी पुसट तिरकी रेघ होती, तिचं मूळ हे. काचेवरच्या बारीक समांतर ओरखड्यांवरून प्रकाश पसरतो तो ओरखड्यांच्या काटकोनात. रेघ कुठल्या दिशेला आहे यावरून आपण काच कुठल्या दिशेने पुसली तेही सांगता येतं. फोनने काढलेल्या रात्रीच्या बहुतेक फोटोंत ज्या लांब पट्ट्या येतात त्या अशाच, बोटाच्या तेलाच्या.

फिल्टरबद्दल माझं मत आता ठाम झालं आहे. फिल्मला अतिनील किरणांचा त्रास व्हायचा, तेव्हा यूव्ही फिल्टरला प्रकाशशास्त्रीय कारण होतं. डिजिटल सेन्सरसमोर अतिनील अडवणारा थर आधीच असतो, त्यामुळे उरतं ते फक्त लेन्सचं रक्षण. उडती वाळू, समुद्राचे तुषार, गर्दी असेल तर जरूर लावा. पण रात्री, ट्रायपॉडवर, फ्रेममध्ये दिवे असताना तो काढून खिशात ठेवा. महागडा फिल्टर घोस्ट मंद करतो, नाहीसा करत नाही.

फिल्टर काढूनही उरलेलं

ठिपके गेले, तरी डावीकडच्या जवळच्या दिव्यापासून निघून फ्रेमच्या मध्यातून पलीकडे जाणाऱ्या सरळ रेषेवर चार-पाच फिकट, मोठाल्या चकत्या होत्याच. काही जांभळट, काही हिरवट, सप्तकोनी. ॲपर्चर (लेन्समधलं, पात्यांनी लहान-मोठं होणारं छिद्र) एफ/४ ला उघडलं की त्या मोठ्या आणि गोलसर होत, एफ/११ ला आवळलं की लहान आणि कोनदार. म्हणजे त्यांचा आकार ॲपर्चरच्या पात्यांनी दिलेला. हा लेन्सच्या पोटातला घोस्ट, भिंगांच्या आपसांतल्या परावर्तनांचा. फिल्टरशी त्याचा संबंध नाही.

अशा चकत्या किती होऊ शकतात? हवेला लागून असलेले काचेचे पृष्ठभाग मोजा. त्यातल्या कुठल्याही दोघांची जोडी एक घोस्ट बनवू शकते. एकमेकांना चिकटवलेली भिंगं मिळून एक गट होतो; १३ गटांच्या झूममध्ये असे २६ पृष्ठभाग, म्हणजे ३२५ जोड्या. बहुतेकांचा प्रकाश इतका पसरतो की कळतही नाही, काही जोड्या मात्र तो नेमका सेन्सरजवळ गोळा करतात.

कोटिंग येण्यापूर्वी हा हिशोब लेन्सचं नशीब ठरवत असे. पॉल रुडॉल्फ यांनी १८९६ मध्ये जर्मनीच्या झाइस कंपनीसाठी प्लानार या लेन्सची रचना केली. सहा भिंगं चार गटांत, भिंगांच्या दोषांची दुरुस्ती उत्तम, पण आठ पृष्ठभागांमुळे चित्र झाकोळायचं. त्याच रुडॉल्फ यांचा १९०२ चा टेसार चार भिंगांचा, तीन गटांचा, सहा पृष्ठभागांचा. जगभर चालला तो टेसार. प्लानारच्या घराण्याला खरे दिवस आले ते परावर्तनरोधक कोटिंग रुळल्यावर. त्या कोटिंगची चाहूलही एका दोषातूनच लागली. १८९० च्या दशकात ब्रिटिश लेन्स-रचनाकार हॅरल्ड डेनिस टेलर यांच्या लक्षात आलं की हवेने डागाळलेली जुनी भिंगं नव्या चकचकीत भिंगांपेक्षा जास्त प्रकाश आत सोडतात. त्या डागाचा पातळ थरच परावर्तन कमी करत होता. १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पोकळीत असा थर मुद्दाम चढवण्याची पद्धत बसवली. आपल्या आजच्या लेन्सवरची जांभळट-हिरवी झाक त्याच वंशातली आहे.

परत पुलाकडे. या चकत्यांना हुडचा काही उपयोग नाही, कारण दिवा फ्रेमच्या आतच आहे. माझ्यापुढे दोन वाटा होत्या. पहिली, ट्रायपॉड दोन पावलं सरकवून तो दिवा कठड्याच्या खांबाआड नेणं. चकत्या लगेच गेल्या, पण पुलाची कमान बिघडली. दुसरी, कॅमेरा न हलवता दोन फ्रेम घेणं. एक नेहमीची, दुसरी लेन्सपुढे हात लांब करून बोटाने फक्त तो दिवा झाकून. दुसऱ्या फ्रेममध्ये बोट आहे पण चकत्या नाहीत. नंतर दोन्हींचे चांगले भाग जोडायचे. मुलाने बोट धरलं, मी पडद्यावर पाहून "थोडं वर, आता डावीकडे" सांगत राहिले. २० सेकंद हात हवेत स्थिर धरणं अवघड जातं. आयएसओ ४०० करून वेळ पाच सेकंदांवर आणला तेव्हा जमलं.

काळा रंग काळा का नव्हता

पहिल्या फोटोच्या डाव्या भागावर एक राखाडी पडदा होता. ठिपक्यांच्या नादात तो कुणालाच दिसला नव्हता, मलाही नाही. हिस्टोग्राममध्ये (उजेडाच्या पातळ्यांच्या आलेखात) मात्र फोटोच्या डाव्या भागातले काळे खऱ्या काळ्यापाशी पोचतच नव्हते. यात कसलाही आकार नसतो, म्हणून हा फ्लेअर ओळखायला सगळ्यांत कठीण. अनेकदा आपण तो धुकं समजून सोडून देतो, किंवा कॉन्ट्रास्ट वाढवून झाकतो.

दुसऱ्या रात्री मी कॅमेऱ्यासमोर जाऊन लेन्सकडे पाहिलं. पुढच्या काचेवर एक प्रखर कवडसा पडला होता. तो येत होता माझ्या डावीकडच्या रस्त्याच्या दिव्याकडून, जो फ्रेममध्ये कुठेच नव्हता. हे हुडचं खरं काम. चौकटीबाहेरचा प्रकाश काचेला लागूच द्यायचा नाही, मग तो सूर्याचा असो की रस्त्यावरच्या दिव्याचा. झूमचा हुड मात्र सगळ्यांत रुंद कोनाला चौकटीत न येण्याइतपतच लांब असतो, ३५ वर तो अपुरा पडला. काळ्या पुठ्ठ्याने लेन्सच्या काचेवर सावली धरली आणि पडद्यावर पाण्याचा काळा रंग समोरच उतरताना दिसला. नदीकाठी काचेवर दव धरतं, तेही असाच पडदा आणतं. म्हणून दर पंधरा मिनिटांनी काच पाहत राहिले.

तारे

पाचवी गोष्ट म्हणजे दिव्यांभोवतीचे चौदा टोकांचे तारे. हा फ्लेअर नव्हे. ॲपर्चरच्या पात्यांच्या सरळ कडांवरून प्रकाश वळतो, त्याचं हे विवर्तन. प्रत्येक कड दोन विरुद्ध दिशांना किरण टाकते. पात्यांची संख्या सम असेल तर समोरासमोरच्या कडांचे किरण एकमेकांवर पडतात, आठ पात्यांना आठ टोकं. विषम असेल तर कुठलेच जुळत नाहीत, म्हणून माझ्या सात पात्यांना चौदा. कोटिंग, हुड, फिल्टर यांचा त्यावर काही परिणाम नाही. ॲपर्चर उघडलं की ते विरतात. वास्तुविशारदांना विचारलं, "तारे ठेवू का?" ते म्हणाले, "ठेवा, दिवे लागलेत हे त्यांनीच तर कळतं."

शेवटी निवडलेली फ्रेम

त्या संध्याकाळी आम्ही सूर्यास्तालाच पोचलो होतो आणि दर काही मिनिटांनी फ्रेम घेत होतो. घरी एकाखाली एक लावून पाहिल्या. सूर्यास्तानंतर साधारण पंचवीस मिनिटांची, निळ्या आकाशाची फ्रेम सहज सगळ्यांच्या पुढे गेली. आकाशात तेव्हा पूर्ण रात्रीपेक्षा कितीतरी पट उजेड असतो, त्यामुळे त्याच सप्तकोनी चकत्या त्यात जवळजवळ विरल्या होत्या. बोटाने झाकलेल्या फ्रेमची गरज फक्त एका चकतीपुरती लागली, जी पुलाच्या कठड्यावर पडली होती. सावल्या उचलाव्या लागल्याच नाहीत.

मुलाने त्याच रात्री स्वतःच्या फोनवरही पुलाचा फोटो काढला होता. त्यात हिरवे ठिपके होतेच, कारण फोनच्या लेन्समागचा आणि पुढचा सपाट काचेचा थर काढता येत नाही. त्याने फोन खाली झुकवला, दिव्यांची रांग फ्रेमच्या बरोबर मध्यावर आणली, आणि ठिपके खाली सरकत दिव्यांच्याच रांगेत येऊन मिसळले. "ताई, गेले!" तो म्हणाला. गेले नव्हते, दिव्यांमागे लपले होते. मोठं करून पाहिल्यावर दोन दिव्यांच्या मध्ये त्याला एक हिरवा ठिपका सापडला, आणि तो कुठल्या दिव्याचा हे त्याने स्वतःच बोटाने रेघ ओढून मला दाखवलं.